तळीचं खोबरं मुंग्यांनी नेलं

पुंडलिकनगरात कडूबाच्या अंगणातल्या लाल मुंग्या अशा चावऱ्या होत्या, की गल्लीतलं कुत्रं त्याच्या फाटकापुढून जाताना तीनच पाय जमिनीला लावायचं आणि चौथा वर धरायचं. एक तरी शाबूत राहावा म्हणून. हे कडूबाचं म्हणणं. त्याच्या बायकोचं, आशाबाईचं म्हणणं असं, की ते कुत्रं जन्माचंच लंगडं. आपण दोन्ही खरं धरू आणि पुढं जाऊ.

अंगण तरी केवढं? फाटकापासून ओट्यापर्यंतचा मातीचा एक तुकडा. बाज टाकली की निम्मा भरायचा. पण साऱ्या गल्लीत उघडी माती म्हणून उरली होती ती तेवढीच. बाकीच्यांनी दारापुढं फरशी नाहीतर सिमेंट करून टाकलेलं. कडूबाची सगळी हयात लासूर स्टेशनच्या पलीकडच्या माळांवर मेंढरांमागं गेली. मेंढरं विकून लेकाकडं राहायला आला तेव्हा त्यानं बरोबर एक घोंगडी आणली आणि एक सवय. सकाळी डोळे उघडले की आधी अनवाणी पाय मातीवर ठेवायचे, मग तोंड उघडायचं. कधी चुकून फरशीवर पाय पडला, तर दिवसभर त्याला एकही थाप धड सुचायची नाही, आणि थापेवाचून कडूबा म्हणजे वातीवाचून दिवा. त्या तुकड्यात त्यानं एक लिंबोणी लावली होती, मेथी-कोथिंबिरीचा एक वाफा केला होता, आणि वांग्याची चार झाडं होती, ज्यांच्या वांग्यांविषयी तो जे सांगायचा ते इथं लिहिण्यासारखं नाही, कारण कागदावर मावायचं नाही.

सून मोनिका औरंगपुऱ्यात एका चष्म्याच्या दुकानात कामाला. पावसाळाभर ती याच अंगणातल्या चिखलातून स्कूटी ढकलत बाहेर काढायची आणि दुकानात पोचली की काचेसारख्या फरशीवर तिच्या चपलांचे ठसे उठायचे. म्हणून दसऱ्याला तिनं अंगणात बसवायला सिमेंटचे ब्लॉक आणले. भिंतीकडेला वाळू अंथरून त्यांची छातीएवढी चळत लावून ठेवली. मिस्त्री माप घ्यायला आला. कडूबानं त्याला चहा पाजला, बाजेवर शेजारी बसवला आणि आवाज खाली आणून सांगितलं, की लिंबोणीखाली नाग राहतो. फार नाही, पाच फुटी. कुणाला काही करत नाही, फक्त टिकावाचा आवाज त्याला सोसत नाही. मिस्त्रीनं चहा संपवला आणि गेला तो गेलाच. मोजायची टेपसुद्धा मागायला आला नाही.

आणि मग दिवाळीत मुंग्या आल्या. सगळ्यांनी फराळाला दोष दिला. चिवडा सांडला असंल, शंकरपाळ्याचा चुरा पडला असंल. फराळ संपला, डबे घासून फळीवर गेले, पण मुंग्या काही गेल्या नाहीत. वाफ्यात ठिकठिकाणी भोकं पडली, भोकांभोवती रव्यासारखी माती साचली, आणि एका सकाळी दोरीवर कपडे वाळत घालताना मोनिकाचा पाय त्यातल्या एका भोकावर पडला. पाय सुजला, त्यावर पांढरे फोड आले. त्या दिवशी ती एका पायात स्वतःची सँडल आणि दुसऱ्या पायात नवऱ्याची स्लीपर घालून दुकानात गेली. गिऱ्हाइकं नवा चष्मा डोळ्याला लावायची आणि पहिल्यांदा तिच्या पायाकडं बघून म्हणायची, "एकदम साफ दिसतंय."

संध्याकाळी ती आली ती तडक बाजेपाशी.

"आबा, तुमचा तो नाग कुठं गेला? मुंग्या खात नाही का तो?"

"नागाचं नि मुंगीचं जमत नाय, पोरी."

"मग माझं नि एका नव्या मिस्त्रीचं जमलंय. चंपाषष्ठीची तळी झाली की दुसऱ्या सकाळी येतोय तो. तोवर मुंग्या घालवल्या, तर ब्लॉक जिथून आणले तिथं परत. नाही घालवल्या तर फाटकापासून ओट्यापर्यंत सगळं अंगण झाकून टाकायचं. लिंबोणीसकट."

"आन औषधाची पावडर टाकायची नाय बरं का!" आशाबाई स्वयंपाकघरातून ओरडली. "मेथी खातो आपण तिथली. इख पोटात जायाचं."

"पावडर कामून लागती?" कडूबा म्हणाला. "मुंगी म्हंजी काय, ते मला इचारा. आमचा चुलता एकदा माळावर घोंगडीवर निजला. सकाळी उठतो तर शिवार वळखू येईना. राती मुंग्यांनी घोंगडीसकट उचलून पार वैजापूरच्या हद्दीत नेऊन ठिवला व्हता! त्याला वाटलं, गावच सरकलं."

"मग त्याच मुंग्यांना निरोप धाडा," मोनिका म्हणाली, "म्हणावं या, आणि ह्यांना उचलून न्या."

आणि ती लंगडत आत गेली. कडूबाला तिचं उत्तर आवडलं, पण हे कबूल करायची वेळ नव्हती. माती जायची वेळ आली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाणी उकळलं आणि मेथीतल्या सगळ्यात मोठ्या भोकात ओतलं. मुंग्यांचं काय झालं ते भोकातच राहिलं, पण मेथी मात्र जागच्या जागी शिजली. फोडणी द्यायची तेवढी बाकी. दुपारपर्यंत हातभर अंतरावर नवं भोक उघडलं आणि तिथून मुंग्या बाहेर येऊन, शेजारी काय गडबड झाली ते बघत उभ्या राहिल्या.

मग शेजारचा रामकिसन भिंतीवरून डोकावला. एसटीत कंडक्टर होता, आता घरीच. मोबाइलवर त्याला सगळ्या जगाचं दिसायचं आणि घरातलं सोडून सगळ्या जगाला तो सल्ला द्यायचा.

"रवा टाक, कडूबा. कोरडा. मुंगी रवा खाती, वरून पाणी पिती, पोट फुगतं आन फट्! मोबाइलवर दाखवलंय."

"फट् झालेलं दाखवलं का?"

"ते पुढच्या भागात हाय."

आशाबाईनं वाटीभर रवा कुरकुरत दिला. कडूबानं तो भोकांभोवती शिंपडला. सकाळी रव्याचा कण उरला नव्हता, आणि मुंग्या अशा काही टवटवीत दिसत होत्या, की आणखी एक दिवस मिळता तर त्यांनी वर कढीपत्ता मागितला असता.

"आता एक खात्रीचं सांगतो," रामकिसन म्हणाला. "या बिळातली माती फावड्यानं उचलून त्या बिळावर टाक. दोघी वेगळ्या घरच्या. एकमेकींवर तुटून पडतील, आपण नुसतं बघायचं."

कडूबानं पायात सोमनाथचे, म्हणजे लेकाचे, कंपनीतले बूट घातले आणि माती उचलून टाकली. दोन्ही बिळांतल्या मुंग्या समोरासमोर आल्या, मिशांना मिशा लावल्या, आणि एका घरच्या निघाल्या. मग सगळ्या मिळून बुटाच्या नाडीवरून वर चढल्या. त्या संध्याकाळी कडूबा गल्लीत नाचला असं रामकिसन अजून सांगतो. कडूबा म्हणतो, नाचलो नाय, पवित्रा बदलत होतो.

शेवटी निंबोळीची पेंड आणली. तिचा थोडा गुण आला. जिथं टाकली तिथनं मुंग्या उठल्या, पण बाहेर काही गेल्या नाहीत. वाफ्यातनं वांग्यांत, वांग्यांतनं दोरीखाली. सोमनाथ वाळूजहून ड्यूटी करून आला की रोज विचारायचा, "आबा, आज कुठं मुक्काम?" आणि कडूबा बाजेवर पाय वर घेऊन बोटानं दाखवायचा. पाय खाली सोडायची सोय राहिली नव्हती. सकाळी उठल्यावर मातीऐवजी त्याचे पाय चपलेत जाऊ लागले. जेवताना एकदा आशाबाई म्हणाली, "आज वांगी बारकीच निघाली," आणि कडूबानं नुसतं "व्हय" म्हटलं. तिनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

असं करता करता चंपाषष्ठी आली.

त्या घरात चंपाषष्ठीला अंगणातच तळी उचलायची. मेंढक्यांचा देव तो, त्याला छताखाली बसवलेलं कडूबाला पटायचं नाही. सकाळी जवळच्याच सातारा गावातल्या खंडोबाचं दर्शन घेऊन आले. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात असा नैवेद्य झाला. अंगणात घोंगडी अंथरली. पितळी ताटात भंडारा, सुपारी, विड्याची पानं, आणि खोबऱ्याच्या वाट्यांचे बारीक तुकडे, भंडाऱ्यात घोळून पिवळेजर्द केलेले.

"आबा," मोनिका ताटाकडं बघत म्हणाली, "भंडारा उधळा हवा तेवढा. पण खोबरं हातात वाटायचं. खाली एक तुकडा टाकायचा नाही. आहेत तेवढ्या मुंग्या पुष्कळ आहेत."

"मला काय कळत नाय का?" कडूबा म्हणाला. आणि तेव्हा त्याच्या मनातही तेच होतं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

कडूबा, सोमनाथ, रामकिसन आणि गल्लीतले दोघं असे पाच जण ताटाला हात लावून बसले. "येळकोट येळकोट जय मल्हार!" ताट वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. कडूबाच्या अंगात माळावरची सगळी जुनी जत्रा उभी राहिली. तिसऱ्या वेळी ताट खाली टेकलं, त्यानं "सदानंदाचा येळकोट!" म्हणून ओंजळ भरली आणि हयातभर उधळलं तसं उधळलं. भंडारा हवेत गेला. त्याच्याबरोबर खोबरंही गेलं. सबंध ओंजळ. पोराबाळांनी, कुत्र्यांनी, मेंढरांनी सगळ्यांनी खावं म्हणून माळावर उधळायचे, तसं. लिंबोणीवर, वाफ्यात, वांग्यांत, रामकिसनच्या डोक्यावर पिवळे तुकडे पडले.

मग कडूबाला आठवलं.

मोनिकानं एकदा पिवळ्या झालेल्या वाफ्याकडं पाहिलं. कपाळावर भंडारा होता तसा ठेवून ती जेवणाची ताटं करायला आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आवो, काय केलंत हे?" आशाबाई हळूच म्हणाली.

"हातानं केलं. मी नाय केलं."

मंडळी ओट्यावर भरीत-भाकरी खायला बसली. कडूबा ताट घेऊन बाजेवर गेला. पाय वर घेतले आणि आपल्या मातीचा शेवटचा दिवस बघत बसला. उद्या सकाळी मिस्त्री येणार. लिंबोणीच्या बुंध्याला करवत लागणार. मग पाय टेकवायला ओट्याची फरशी नाहीतर अंगणातलं सिमेंट, आणि थापा काय त्यातनं उगवतात?

भाकरी संपायच्या आत मुंग्या निघाल्या. हळदीला मुंगी भिते असं सगळे म्हणतात, पण दुकानातनं आणलेल्या भंडाऱ्यात हळद किती आणि पीठ किती, हे दुकानदार जाणे नि खंडोबा जाणे. या मुंग्या काही भ्याल्या नाहीत. एकेका पिवळ्या तुकड्याला दहा-दहा लागल्या आणि तुकडे चालायला लागले. कडूबाला तेवढ्या दुःखातही बरं वाटलं. मिरवणूक म्हणावी तर हीच. आता या मेथीतल्या भोकात उतरणार, असं म्हणून तो बघू लागला.

मुंग्या मेथीतल्या भोकापाशी आल्या आणि पुढं गेल्या.

कडूबानं भाकरीचा घास तोंडापाशीच धरला. वांग्यांत होती ती भोकं? तीही सोडून पुढं. दोरीखालून, धुण्याच्या दगडाला वळसा घालून, सगळीकडून पिवळे ठिपके एकाच अंगाला निघाले होते. लाल मुंग्या रोज मातीवर चालायच्या, तेव्हा कुठून कुठं जातात हे त्याच्या म्हाताऱ्या डोळ्यांना कधी दिसलंच नव्हतं. आज अंगणात कुणी पिवळ्या खडूनं रेघा ओढाव्यात तसं दिसत होतं. आणि सगळ्या रेघा भिंतीकडेला ब्लॉकच्या चळतीपाशी जाऊन खालच्या फटीत शिरत होत्या.

त्यानं घास खाली ठेवला.

"मोनिका!" त्यानं हाक मारली. "ए पोरी, हिकडं ये. चष्म्यावाली ना तू? बघ बरं, मला दिसतंय ते तुला बी दिसतंय का."

मोनिका आली. मागनं सोमनाथ आला, रामकिसन हात न धुताच आला. सगळे वाकले. एक चांगला नखाएवढा तुकडा मोनिकाच्या डोळ्यांदेखत लिंबोणीखालून निघाला, डुलत डुलत अंगण ओलांडून गेला आणि ब्लॉकखाली दिसेनासा झाला.

सोमनाथनं मेथीकडं पाहिलं, मग चळतीकडं.

"म्हणजे," सोमनाथ म्हणाला, "मेथीतली ती भोकं…"

"खिडक्या," कडूबा म्हणाला. "दार हिकडं हाय."

सोमनाथनं बूट घातले, कडेचे वरचे ब्लॉक उतरवून खालचे टिकावाच्या टोकानं सरकवले आणि मागं उडी मारली. खालची वाळू जिवंत होती. लाल मुंग्यांचा थर, आणि त्यांच्यामध्ये तांदळाच्या कण्यांसारखी अंड्यांची रास. ऊन खाल्लेल्या गरम ब्लॉकखाली, पावसाचा थेंब नाही, टिकावाचा घाव नाही. पुंडलिकनगरात एवढं झकास घर सोमनाथलाही मिळालं नव्हतं.

"दसऱ्याला ब्लॉक आणले," मोनिका स्वतःशीच म्हणाली. "दिवाळीत मुंग्या आल्या."

"आन आम्ही चिवड्याला नावं ठिवली," आशाबाई म्हणाली. चिवडा तिनं केला होता.

मोनिकानं मान वर करून सासऱ्याकडं पाहिलं. "आबा, खोबरं चुकून उधळलं ना तुम्ही?"

"चुकून?" कडूबा बाजेवर ताठ बसला. डोळ्यांत कितीतरी दिवसांनी पाणी आलं, थापेचं. "हरवलं मेंढरू शोधायचं तर आमचा आजा बाकीच्यांच्या शेपटीला भंडारा लावून सोडायचा. पिवळी वाट उमटायची. लासूरच्या बाजारात आजून इचार कुणालाबी. मी तळीच्या आधीच ठरवून बसलो व्हतो."

"मग मघाशी तोंड का तसं झालं होतं?"

"ते मुंग्यांना संशय येऊ नाय म्हणून."

रामकिसननं डोक्यातला खोबऱ्याचा तुकडा काढून खाल्ला आणि म्हणाला, हे मोबाइलवर टाकायला पाहिजे.

दुसरी सकाळ गार होती. मुंग्या अंडी घेऊन वरच्या थरात, ब्लॉकच्या उबेला आलेल्या. आशाबाईनं घोंगडी धुवायला ठेवलेले रिठे रात्रीच भिजवून ठेवले होते. "नुसतं पाणी त्यांच्या पाठीवरनं घरंगळतं," ती म्हणाली, "रिठ्याचं अंगाला चिकटतं." मोठ्या पातेल्यात रिठ्याचं पाणी खळखळा उकळलं. सोमनाथनं भराभर ब्लॉक बाजूला केले. आणि पातेलं कुणी ओतायचं यावर कडूबा काहीतरी बोलणार, तोच मोनिकानं ते दोन फडक्यांनी धरलं आणि स्वतः ओतलं. पायाच्या फोडांचा सगळा हिशेब तिनं त्यात चुकता केला. इथं ना मेथी होती शिजायला, ना कुणाची मुळं. नुसती वाळू. पाणी फेस काढत थेट खाली गेलं. दुसरं पातेलं आलं, तिसरं आलं. मग उरलेली निंबोळी पेंड कडेनं दाबून टाकली.

"लगेच सगळ्या जायच्या नाहीत," सोमनाथ म्हणाला.

"चार सकाळी ओतू," मोनिका म्हणाली. "दार सापडलंय आता."

ती कमरेवर हात ठेवून त्या ओल्या खड्ड्याकडं बघत राहिली. मग बाजूला काढलेल्या ब्लॉककडं. मग फाटकापासून ओट्यापर्यंतच्या सगळ्या अंगणाकडं, जिथं ती मुंग्यांना या ब्लॉकचं छप्पर घालून देणार होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"हां, बोला मिस्त्री… निघालात?"

कडूबानं बाजेवरून खाली सोडलेला पाय तिथंच अधांतरी धरला.

मोनिकानं एकदा त्या पायाकडं पाहिलं. "नका येऊ," ती म्हणाली. "नाही हो, दुसरा कुणी नाही लावला. ब्लॉक परतच देऊ राहिलो आम्ही. फाटकापासून स्कूटीपुरती पट्टी करायची, सिमेंटमध्ये पक्की, पण ती नंतर… आज नकोच. कामून म्हणजे…" ती थांबली, आवाज खाली आणला. "तुम्हाला सांगायला काय हरकत आहे? आमच्या लिंबोणीखाली नाग राहतो."

आशाबाईनं पदर तोंडाला लावला.

"हो ना. सात फुटी. नाही, कुणाला काही करत नाही. पण टिकावाचा आवाज त्याला अजिबात सोसत नाही."

तिनं फोन बंद केला. कडूबाचा पाय हळूच खाली आला आणि गार मातीवर टेकला. मग दुसरा. त्यानं बोटं पसरून जरा वेळ माती चाचपली, आणि मग तोंड उघडलं.

"सूनबाई," तो म्हणाला, "पाच फुटी हाय तो. उगं वाढवून कामून सांगायचं?"

"वाढलाय, आबा," मोनिका पातेलं उचलत म्हणाली. "दिवाळीचा फराळ त्यानंच खाल्ला."